चाखू नको, पण चवदार कर

स्वयंपाकाच्या कामावर काहीतरी लिही, असं आमच्या मराठीच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी नकोच म्हणाले. दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेली असतात. मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच, त्यामुळं लिहिताना शब्द नीट पडतोय की नाही, ही धाकधूक सारखी असते. पण अकरावीला शहरात मावशीकडं आले तेव्हापासून मी लोकांच्या घरी स्वयंपाक करते आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर तीन घरं. मॅडमनी विचारलं, "कशाबद्दल लिहावंसं वाटतं?" माझ्या तोंडून निघालं, "माशाबद्दल." त्या हसल्या. मला हसू आलं नाही. माशाचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. ते का, हे लिहून बघते.

आधी कामाचं सांगते. आपल्याकडं मटण सगळ्यांना जमतं, पण मासा म्हटलं की चांगल्या चांगल्या सुगरणी मागं सरतात. समुद्र लांब. मासा घरात आला तरी वासाची भीती, काट्याची भीती. मग कुणीतरी विचारतं, मासा करणारी बाई आहे का कुणी? मला येतो. आमचं गाव गंगापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या कडेला. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, गाळाच्या जमिनीवर हिरवं उगवतं, आणि आमच्या मेंढ्या तिथं चरायला जायच्या. होडीवाले सकाळी जाळी काढायचे. विकायला न जाणारी बारकी चिलापी मासळी ते आईला द्यायचे, आई त्यांना भाकरी आणि ठेचा द्यायची. तीन दगडांच्या चुलीवर आई कालवण करायची आणि पळीतला रस्सा तळहातावर घेऊन चाटून बघायची. मग माझ्या हातावर टाकायची. "बघ गं अंजे, काय कमी हाय?" मी सात-आठ वर्षांची असेन. काय कमी आहे ते सांगता आलं की आई खूश व्हायची. माझं शिक्षण तिथं झालं.

आता पांढऱ्या माशाबद्दल. शहरात हल्ली लोकांना बिनकाट्याचा, बिनवासाचा, पांढराशुभ्र मासा हवा असतो. मॉलमध्ये बर्फात गोठवलेल्या त्याच्या लांब फोडी मिळतात. बासा म्हणतात. छावणीच्या बाजारात मी ज्यांच्याकडून मरळ घेते त्या मच्छीवाल्या चाचांना मी एकदा ती फोड दाखवली होती. त्यांनी ती बोटानं दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"ये मच्छी नैं बेटा, साबुन है. इसमें स्वाद कां से आएगा?"

"लोकांना हीच पाहिजे चाचा. मला यात चव आणायचीय."

"तो पहले इसका पानी निकाल. पानी में स्वाद डालेगी तो पानीच खाएंगे लोगां."

हे मी कधी विसरले नाही. गोठवलेल्या माशात पाणी फार असतं. लोक तो वितळला की तसाच मसाल्यात बुडवतात. मसाला बाहेर राहतो, आत पाणी राहतं, आणि ताटात आल्यावर म्हणतात, फिका लागतो. म्हणून आधी फोडी सुती फडक्यात गुंडाळायच्या आणि वर पोळपाट ठेवायचा. फडकं ओलं झालं की बदलायचं. मग लिंबू, हळद. मसाला भाजून, जाडसर कुटून. तवा धूर निघेपर्यंत तापलेला हवा आणि एकदा टाकल्यावर मासा सारखा हलवायचा नाही. साधी गोष्ट आहे. पण शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे गॅस बंद करायच्या आधी एक कण तोंडात टाकून बघणं. पांढऱ्या माशाला स्वतःचं फार कमी असतं. आपण घालू तेच लागतं, आणि घातलेलं पुरेसं झालं का, ते जिभेशिवाय कळत नाही.

वाळूजच्या कंपन्यांत काम करणारी तीन पोरं एका फ्लॅटमध्ये राहायची, तिथं मी पहिल्यांदा बासा केला. त्यांनी मोबाइलवर बघून आधीच त्याला लोणी, मिरपूड आणि खायचा सोडा लावून ठेवला होता. "सोडा कशाला रे दादा?" मी विचारलं. एकजण म्हणाला, "ताई, मऊ होतो म्हणे." मी म्हटलं, "तो आधीच मऊ आहे, अजून मऊ झाला तर वाटीनं प्यावा लागेल." ती पोरं माझ्याशी नीट वागायची. मी कढईतून तुकडा मोडून खाल्ला की तिघं भोवती उभी राहून विचारायची, "काय म्हणतो निकाल?" तेव्हा मला ती गोष्ट विशेष वाटली नव्हती.

मग आबांचं घर मिळालं, सिडकोत. आबा म्हणजे ऐंशीच्या घरातले शेतकरी. वैजापूरकडं त्यांची बागायती जमीन, मुलगा इथं सरकारी नोकरीत. आबांचं हृदय थकलं होतं. पायावर सूज यायची, दम लागायचा. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ तोडलं होतं. मटण बंद, लोणचं-पापड बंद. वजन उतरत चाललं होतं, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा मासा द्या, म्हणाले, हलका, बिनकाट्याचा. मला त्यासाठीच ठेवलं. काम एका वाक्यात सांगायचं तर, मीठ न घालता त्या पांढऱ्या माशाला अशी चव आणायची की आबांनी जेवावं. ते जेवत नव्हते. त्यांची सून, जिला मी काकू म्हणते, पहिल्या दिवशीच म्हणाली, "अंजना, काहीही कर, पण हे माणूस चार घास खाईल असं कर. रोज ताट तसंच परत येतं, माझ्याच्यानं बघवत नाही."

काकू वाईट बाई आहेत असं मी लिहिणार नाही. परीक्षेच्या दिवसांत त्या मला लवकर सोडायच्या. गच्चीत बसून अभ्यास कर म्हणायच्या. पण पहिल्याच दिवशी मी फोडणीतलं थोडं पळीत घेतलं, तळहातावर टाकलं, तोच त्या म्हणाल्या, "थांब, थांब. आमच्यात सैपाक करताना कुणी चाखत नाय. उष्टं होतं."

"काकू, हातावर घेतलंय. पळी तोंडाला नाय लावत मी."

"तरी पण. नको."

मी हात धुतला. मला वाटलं देवाचं काही असेल. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी चाखत नाहीत, हे मलाही माहीत आहे, आमच्याकडंही पाळतात. पण माशाचा नैवेद्य कुठल्या देवाला दाखवतात? पुढच्याच शनिवारी काकू स्वतः वरण करत होत्या. त्यांनी पळी ओठाला लावली, चाटली आणि परत पातेल्यात सोडली. मी बघितलं. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं. त्या दिवशी मला कळलं की उष्टं चाखण्यानं होत नाही. कोण चाखतंय त्यावर ते ठरतं. बागायतदाराच्या सुनेचं होत नाही, मेंढरामागं फिरलेल्यांच्या पोरीचं होतं.

मी तेव्हाच काम सोडायला हवं होतं, असं माझी मैत्रीण म्हणते. मी सोडलं नाही. मला राग आला तो मी गिळला, कारण मला आबांना जेवायला लावायचं होतं आणि ते जमेल अशी खात्रीही होती. थोडा गर्व होता म्हणा.

पहिल्या आठवड्यात आबांनी ताट बघून विचारलं, "पोरी, हे मासं हाय का भिजलेला कापूस?"

"मासाय आबा."

"आन मीठ?"

"मीठ डॉक्टरनं बंद केलंय."

"मंग डाक्टरला खाऊ घाल."

मी आईला फोन केला. आई म्हणाली, मिठाची आठवण आंबटानं जाते, आंबाडी घालून बघ. आंबाडीचा पाला मी उकडला, पिळला, लसूण-हिरवी मिरची-तिळाबरोबर कुटला आणि माशाच्या फोडींना चोपडून त्या कढईत झाकण ठेवून शिजवल्या. दुसरा प्रकार कोरडा. धणे, जिरं, तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची आणि थोडं दगडफूल खमंग भाजून कुटलेला मसाला. त्यात मिठाचा कण नाही. तो ज्वारीच्या पिठात मिसळून फोडींना लावायचा आणि तव्यावर खरपूस करायचा. हा मसाला मी महिन्यातून एकदा करून स्टीलच्या एका डब्यात भरून ठेवायची. तो डबा फक्त आबांचा.

पण चव बघणार कोण? मी एक वाट काढली. मासा होत आला की एक कण बशीत घेऊन हॉलमध्ये आबांच्या दिवाणापाशी जायची. "आबा, चाखा. काय कमी हाय?" आबांना हे आवडायचं. ते डोळे मिटून चघळायचे आणि न्यायाधीशासारखे निकाल द्यायचे. "आंबट वाढव." "मिरची झोपलीय, उठव तिला." "आज ठीक हाय, पन मागच्याची सर नाय." मी परत जाऊन सुधारायची. आबा माझी जीभ झाले. ताट रिकामं परत येऊ लागलं. काकू शेजारणीला सांगायच्या, "अंजनाच्या हाताला चव आहे हो." हाताला चव आहे, जीभ मात्र चालत नाही. मी ऐकून घ्यायची.

त्या रविवारी आबांची मुलगी माहेरी येणार होती. मी आले तेव्हा मसाल्याचा डबा काठोकाठ भरलेला दिसला. शुक्रवारी तो तळाला गेला होता. मला वाटलं, मावशीच्या घरी मी कुटून ठेवलेला मसाला मागच्या वेळी आणून इथंच ठेवला असेल आणि काकूंनी भरला असेल. रंग तोच, वासही जवळपास तोच. मी फोडींना लावला, तव्यावर टाकला, कण घेऊन आबांकडं गेले.

आबांनी चघळलं. थांबले. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पोरी, आज लागलं बघ मासं! आज काहीच कमी नाय."

त्यांनी चार फोडी खाल्ल्या. मुलगी बघत राहिली. "आबा किती दिवसांनी असे जेवले," म्हणून तिनं डोळे पुसले. मंगळवारी तसंच झालं, गुरुवारी तसंच. मी रस्त्यानं चालत जाताना आईला फोन करून सांगितलं की मला जमलं, मिठाशिवाय मासा मला जमला. मी इतकी खूश बारावीच्या निकालालाही नव्हते.

शनिवारी काकूंचा फोन आला. आबांना दवाखान्यात ठेवलंय. पाय घागरीसारखे सुजले, श्वास घेता येईना. मी कॉलेजातून तशीच गेले. वॉर्डाबाहेर काकू, त्यांचे मिस्टर, आबांची मुलगी आणि दोन-तीन नातेवाईक उभे होते. काकूंनी मला बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय घातलं होतंस तू? डॉक्टर म्हणतात मीठ गेलंय पोटात. भरपूर गेलंय. माणूस मारायचा होता का?"

"मी मीठ घातलं नाय काकू."

"मग काय आभाळातून पडलं?"

नातेवाइकांतली एक बाई म्हणाली, "या पोरींना काय समजतं, चव यावी म्हणून टाकत असतील." मी तिथं उभी राहिले आणि मला स्वतःचीच शंका येऊ लागली. पिठात मीठ होतं का? मी चुकून दुसऱ्या डब्यातलं घेतलं का? ती दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. आपण एका म्हाताऱ्या माणसाला मारतोय की काय, असं वाटत राहिलं.

मग मी काकूंना म्हटलं, "मला घरी घेऊन चला. डबा बघू." त्यांना कपडे आणायला जायचंच होतं. घरी मी सरळ ओट्यापाशी गेले, आबांचा डबा उघडला, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. काकूंसमोर. परवानगी मागितली नाही.

खारट. समुद्राचं पाणी असतं म्हणतात तसं.

"काकू, हा मसाला माझा नाय. यात काय भरलंत?"

काकू हळू म्हणाल्या, "डबा रिता झाला होता. रिता डबा घरात ठेवू नये. ह्यांनी मॉलमधून मच्छी मसाल्याचं पाकीट आणलं होतं, ते ओतलं मी वरून. तोही माशाचाच मसाला ना?"

हे मला समजलं. आमच्या घरीही डबा पूर्ण रिता होऊ देत नाहीत, तळाला मूठभर असतानाच भरतात. रिता डबा घराला बरा नसतो, असं आईही म्हणते. काकूंनी चांगल्या मनानं भरला असेल. पाकीट कचऱ्यात गेलं होतं, पण तसलं दुसरं पाकीट मी नंतर दुकानात उचलून वाचलं. त्यावरच्या घटकांच्या यादीत मिरचीनंतर मिठाचंच नाव होतं.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"त्यात काय सांगायचं? आणि तुला कळू नये? रोज करतेस. वास तरी घ्यायचास."

"मिठाला वास नसतो, काकू!"

मी ओरडले. त्या घरात मी पहिल्यांदाच ओरडले. "मिठाला वास नसतो, रंग नसतो. ते फक्त जिभेला कळतं. आणि जीभ तुम्ही बंद केलीत. एक कण तोंडात टाकला असता तर रविवारीच कळलं असतं. एक कण!"

काकू म्हणाल्या, "आता हे माझ्यावर ढकलतेस का? उद्यापासून येऊ नकोस."

मी गेले नाही. त्यांनी दवाखान्यात, शेजारी, नात्यात काय सांगितलं ते मला कळत राहिलं. आमच्या गल्लीतली एक बाई त्याच इमारतीत धुणंभांडी करते. तिनं सांगितलं, "तुझं नाव झालंय तिथं. मिठाची पोरगी म्हणतात." माझं दुसरं एक घर त्याच इमारतीत होतं. त्यांनीही, सध्या नको, म्हणून सांगितलं.

रात्री झोप यायची नाही तेव्हा मी सगळा दोष काकूंना देऊन बघायची. पूर्ण बसायचा नाही. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू चाखलं नाय?"

"त्या नको म्हणायच्या."

"आन तू ऐकलंस? मंग तू सैपाक करत होतीस का नुसता गॅस पेटवत होतीस?"

हे मला दवाखान्यातल्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. कारण आई खरं बोलत होती. काकू घरात नसताना मी चोरून चाखू शकले असते. पाठ फिरली की एक कण. कुणाला कळलं असतं? पण मला चोरून चाखायचं नव्हतं. मी चोर नाही. माझं काम मी उजेडात करावं एवढंच मला हवं होतं, आणि ते मागायची हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून मी तिसरी वाट काढली, दुसऱ्याची जीभ वापरली. स्वयंपाक करणाऱ्यानं हे करू नये. अंक वाचणाऱ्या कुणी पोरी हे काम करत असतील तर त्यांना एवढंच सांगते की जिथं चाखू देत नाहीत तिथं गॅस पेटवू नका.

आबा वाचले. दहा-बारा दिवसांनी घरी आले. त्यानंतर आठवड्याभरानं दुपारी काकूंचा फोन आला. आवाज उतरलेला. "आबा काही खात नाहीत. दुसरी बाई ठेवली, तिच्या हातचं थुंकतात. तुझं नाव घेतात सारखं. येशील का?"

मी म्हटलं, "येते. पण चाखून करीन."

काकू म्हणाल्या, "बरं. तुझ्यासाठी वेगळी वाटी-चमचा काढून ठेवते."

"वाटी-चमचा नको. हातावर घेईन, तुमच्यासमोर."

"ये तर खरी."

मी आंबाडी घेऊन गेले. आबा दिवाणावर उशीला टेकून बसले होते, अर्धे झालेले. मला बघून हसले, मी नमस्कार केला आणि आत गेले. पाला उकडायला ठेवला. लसूण ठेचला. फोडी फडक्यात दाबल्या, त्यांना आंबाडी चोपडून कढईत झाकण ठेवलं. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात नणंदेचा फोन आला आणि काकू माझ्या मागंच उभ्या राहून बोलू लागल्या, "हो, तीच आलीय. नाही नाही, आता मी समोर उभी आहे. मीठ बघूनच घालते म्हणते."

मी गॅस बारीक केला आणि वळले. "काकू, मीठ मी घातलं नव्हतं. ताईंना हे सांगा. आत्ता सांगा, फोन चालू आहे तोवर."

काकूंनी फोन बंद केला. "जाऊ दे ना आता जुनं. झालं ते झालं."

"तुमचं झालं. माझं दुसरं घर गेलं त्यात."

"अगं पण कुणाला ठाऊक होतं..."

"मला ठावं होतं," बाहेरून आवाज आला.

आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात आलो. आबा खाली बघत होते.

"काय ठावं होतं, आबा?" काकूंनी विचारलं.

"खारट हाय ते. पहिल्या घासाला कळलं. जीभ म्हातारी हाय, मेलेली नाय." ते दम घेत घेत बोलत होते. "लई दिवस मिठाबिगर काढले, सूनबाई. वाटलं, पोरीचा हात चुकला असंल. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी बंद झालं असतं. म्हनून बोललो नाय."

इतके दिवस मी काकूंवर चिडले होते, स्वतःवर चिडले होते. या माणसावर चिडायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"आबा, मी तुम्हाला विचारलं होतं," मी म्हणाले. "रविवारी, मंगळवारी, गुरुवारी. बशी घेऊन इथं उभी राहून विचारलं होतं, काय कमी हाय. तुम्ही म्हणालात, काहीच कमी नाय."

"व्हय. कमी नव्हतंच काही."

"आबा!"

"खोटं नाय बोललो पोरी. जास्त काय हाय ते तू विचारलं नाय."

असा विनोद ते एरवी करत आणि मी हसत असे. त्या दिवशी मी हसले नाही, आणि तेही हसले नाहीत.

"आणि दवाखान्यात मला सगळ्यांसमोर बोलत होते तेव्हा?"

"तवा नाकाला नळी होती."

"नळी काढली ना नंतर. घरी येऊन आठवडा झाला."

आबा चादरीची कड बोटांनी चुरगाळत राहिले. काकू आबांकडं बघत होत्या, मग भिंतीकडं. मला वाटलं आता कुणीतरी एक शब्द बोलेल, चुकलं म्हणेल. मी वाट बघितली. चांगला वेळ बघितली. आतून आंबाडीचा आंबट वास यायला लागला आणि मी परत ओट्यापाशी गेले, कारण मासा खाली लागला असता.

झाकण काढलं. चमच्यानं फोडीचा एक कोपरा मोडला, डाव्या तळहातावर घेतला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. सावकाश चावला. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या हातात आबांचं ताट होतं.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

त्या स्वयंपाकघरात हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता.

"लसूण कच्चा राहिलाय," मी म्हणाले. "थांबावं लागेल."

मी झाकण परत ठेवलं, गॅस बारीक केला, आणि काकूंना ताट धरून उभं राहू दिलं.